मदत हवी आहे : उमेदवाराच्या वेबसाइटचा खर्च कसा दाखवायचा?

मंडळी, माझी मावशी नगरपरिषदेला अपक्ष उभी आहे. तिची वेबसाइट मीच केलीय. प्रभागातल्या तुंबलेल्या गटाराचा फोटो, खाली तिने दिलेल्या अर्जांच्या पोच, बस्स. (स्वतःचा हात जोडलेला फोटो नको म्हणाली, त्यावर घरात दोन दिवस वाद झाला!)

आता अडलंय ते हिशेबात. डोमेन (साइटचा पत्ता) मी आचारसंहितेच्या आधीच माझ्या कार्डावरून घेतलं, होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेचे) पैसे मात्र अर्ज भरल्यावर गेले. मेहनत फुकट. लोकसभा-विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच सांगितलंय की जाहिरातींसाठी इंटरनेट कंपन्यांना नि वेबसाइटना दिलेले पैसे, मजकूर तयार करण्याचा खर्च, टीमचे पगार हे सगळं प्रचारखर्चात धरायचं. पण आपली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची. मग डोमेन धरायचं का? भाच्याच्या फुकट कामाची किंमत लावायची का? आणि प्रचार थांबला की साइट बंदच करायची, की जुना मजकूर राहिला तरी चालतो?

तालुक्याला विचारलं तर 'बॅनरचा हिशेब आणा' एवढंच उत्तर मिळालं. कुणी स्वतः असा खर्च दाखवला असेल तर कोणत्या रकान्यात लिहिला आणि पावती कुणाच्या नावाची लावली, तेवढं सांगा.