शनिवार-रविवारपुरता कार डिटेलिंगचा व्यवसाय : दर कसे ठरवावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो आणि सोमवार ते शुक्रवार नोकरी करतो. माझ्या मेव्हण्याने काही वर्षे मोटारींच्या बॉडीशॉपमध्ये पॉलिशिंगचे काम केलेले आहे. आम्ही दोघांनी मिळून, शनिवार-रविवारी ग्राहकाच्या सोसायटीत जाऊन कार डिटेलिंग (गाडीची आतून-बाहेरून बारकाईने सफाई) करून द्यायचे आणि त्याची सुरुवात येत्या दसऱ्याच्या आधी करायची, असे ठरवले आहे. दसरा आणि दिवाळी धरली, तर गाडी स्वच्छ करून घेण्याची इच्छा लोकांना आपोआप होते, म्हणून हा मुहूर्त. नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या गाड्या करून हात बसला आहे आणि यंत्रेही घेतली आहेत. घोडे अडले आहे ते दरपत्रकापाशी.

प्रथम आम्ही काय करणार आहोत ते सांगतो, म्हणजे दराबद्दल बोलणे सोपे जाईल. मुख्य सेवा एकच ठेवायची आहे : आतून-बाहेरून संपूर्ण सफाई. बाहेरून फोम मारून धुणे, चाके आणि त्यांच्या कमानी आतल्या बाजूने घासणे, पत्र्यावर हात फिरवल्यावर खरखर लागत असेल तर क्ले बार (रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवणे आणि शेवटी मेण लावणे. आतून सीट पुढे-मागे सरकवून व्हॅक्यूम, डॅशबोर्ड आणि दारांचे पॅड पुसणे, एसीच्या जाळ्या ब्रशने साफ करणे, कापडी सीट असल्यास शाम्पू करून ओलावा यंत्राने ओढून घेणे. छताच्या कापडाला मात्र आम्ही फक्त ओलसर मायक्रोफायबर लावतो, कारण ते भिजले की मागचा गोंद सुटतो आणि काही दिवसांनी कापड झोळीसारखे खाली लोंबते. सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा पारदर्शक, कडक संरक्षक थर) करणार नाही. त्यासाठी धूळ नसलेली बंद जागा हवी आणि काम झाल्यावर निदान एक दिवस गाडीला पाणी लागता कामा नये. शेजारून दुचाकी ये-जा करत असलेल्या बेसमेंटमध्ये ते काम करून हमी देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आता हिशोब. अशा एका कामाला दोघांना मिळून चार तास लागतात. जाणे-येणे, ग्राहकाशी बोलणे, यंत्रे गाडीत चढवणे-उतरवणे आणि घरी आल्यावर कापडे धुणे यांचा एक तास धरला, तर माणशी पाच, म्हणजे दोघांचे मिळून दहा तास एका गाडीमागे खर्ची पडतात. शाम्पू, क्लीनर, मेण आणि कापडांची झीज यांचे १८० रुपये, पेट्रोलचे १२० रुपये. यंत्रांवर ५८,००० रुपये खर्च झाले आहेत. पावसाळा, सणवार आणि घरची कार्ये वजा जाता वर्षाला ३६ शनिवार-रविवार हाती लागतील आणि प्रत्येक वेळी चार गाड्या होतील असे मानले, तर वर्षाला १४४ गाड्या होतात. यंत्रांचे पैसे दोन वर्षांत वसूल करायचे म्हटले, तर गाडीमागे साधारण २०० रुपये पडतात. म्हणजे ५०० रुपये आमच्या खिशातून जाणार, हे नक्की.

खरा प्रश्न यापुढचा आहे. आमच्या परिसरातल्या एका डिटेलिंग स्टुडिओत याच स्वरूपाचे काम १,५०० रुपयांना होते. आम्ही तोच दर ठेवला, तर ५०० वजा जाऊन १,००० रुपये उरतात, म्हणजे माणशी तासाला १०० रुपये. सुट्टीचा दिवस घालवून, कंबर वाकवून एवढेच हाती येणार असेल, तर घरी झोपलेले बरे, असे मेव्हण्याचे स्पष्ट मत आहे. तासाला १५० रुपये धरले, तर दर २,००० रुपयांवर जातो. मात्र २,००० हा आकडा ऐकला की लोक स्टुडिओशी तुलना करत नाहीत. ते सोसायटीत रोज पहाटे गाडी पुसणाऱ्या मुलाशी करतात. तो महिन्याला ६०० रुपये घेतो, मग तुम्ही एका दिवसाचे दोन हजार कसले घेता, असे एका परिचितांनी मला तोंडावर विचारले. त्यांना मी गाडी उन्हात उभी करून बॉनेटवर उमटलेल्या बारीक गोल रेषा दाखवल्या, कारण धुळीने भरलेला पत्रा त्याच एका फडक्याने रोज पुसल्याने त्या पडतात. पण दर सांगताना प्रत्येकाला उन्हात नेऊन उभे करणे शक्य नाही.

दुसरी अडचण गाडीच्या आकाराची आणि अवस्थेची. बहुतेक ठिकाणी हॅचबॅक, चार मीटरच्या आतली एसयूव्ही आणि सात आसनी असे तीन दर असतात, आणि आम्हीही अनुक्रमे १,८००, २,१०० आणि २,६०० असे कच्चे दर काढले आहेत. परंतु प्रत्यक्षात आकारापेक्षा अवस्था जास्त वेळ खाते, असा आमचा अनुभव आहे. एकट्या माणसाने ऑफिसला नेलेली इनोव्हा आम्ही तीन तासांत मोकळी केली. उलट दोन लहान मुले असलेल्या घरातली वॅगनआर दुपार खाऊन गेली. सीटच्या रुळांत बिस्किटांचा चुरा दाबून बसला होता, बेबी सीटखाली दूध सांडून वाळले होते आणि नुकतीच काशीदची सहल झाल्यामुळे गालिच्याच्या मुळाशी वाळू होती, जी व्हॅक्यूमने एका फेरीत कधीच येत नाही. आधी ब्रशने ठोकून वर आणावी लागते. अशा गाडीला हॅचबॅकचा दर लावणे अन्यायाचे आहे. पण गाडी पाहिल्यावर दर वाढवला, तर ग्राहकाला फसवणूक वाटते, आणि फोटो मागवले तर लोक बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचे फोटो पाठवतात.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे. दर तासावर ठेवावा, आकारावर की अवस्थेवर, आणि तो ग्राहकाला कोणत्या शब्दांत सांगावा? ओळखीचे लोक सवलत मागतात, तेव्हा नाते न दुखावता काय करावे? सोसायटीतले पाणी आणि वीज वापरण्याबद्दल तुमच्याकडे काय पद्धत आहे? एका टप्प्याचे मशीन पॉलिश (यंत्राने रंगाचा वरचा थर किंचित घासून रेषा घालवणे) वेगळी सेवा म्हणून सुरुवातीपासून ठेवावे का? आणि नोंदणी, कर वगैरे बाबतींत एवढ्या लहान व्यवसायाला नेमके काय करावे लागते?

प्रतिसाद : नाशिकचा डिटेलर

तुमचा हिशोब बहुतेकांपेक्षा नीट आहे, परंतु दोन दिवसांत चार गाड्या हा आकडा मला पटत नाही. कापडी सीट शाम्पू केल्या की त्या वाळायला वेळ लागतो, दारे उघडी ठेवून बसावे लागते, आणि ओल्या सीटची गाडी तशीच बंद करून दिली तर तिसऱ्या दिवशी वासाची तक्रार येते. सुरुवातीला तीनच गाड्या धरा. मग वर्षाला १०८ होतात आणि यंत्रांचा गाडीमागचा वाटा २०० वरून २७० च्या आसपास जातो.

दर तासावरच काढावा, पण ग्राहकाला तास सांगू नये, कारण मग तो घड्याळ लावून बसतो. आकारानुसार मूळ दर जाहीर करावा आणि त्यात काय येत नाही ते त्याच कागदावर लिहावे : पाळीव प्राण्यांचे केस, वाळू, सांडलेले दूध किंवा उलटी, बुरशी. या प्रत्येकाची जादा रक्कम आधीच छापलेली असली की जागेवर भाव वाढवल्याचा आरोप होत नाही. फोटो मागवायचेच असतील, तर तीनच मागवा : मागच्या सीटची बैठक, चालकाच्या पायांखालचा गालिचा आणि डिकीचा तळ. सीटचा शाम्पू मूळ दरातून काढून वेगळा ठेवा. निम्म्या गाड्यांना त्याची गरज नसते आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

सवलत मागणाऱ्याला मी रक्कम कमी करून देत नाही, काम कमी करून देतो. "१,५०० मध्ये बसवायचे असेल, तर क्ले आणि मेण नको, बाकी सगळे करून देतो," एवढे शांतपणे म्हणावे. दहापैकी बरेच जण पूर्ण कामच घेतात. खरा पैसा पहिल्या सफाईत नसून त्यानंतरच्या देखभालीत आहे. एकदा नीट साफ केलेली गाडी पुढच्या महिन्यात दोघांना दीड तासात होते, तेव्हा पंधरा दिवस किंवा महिन्याच्या फेरीचा वेगळा, कमी दर ठेवा आणि तो पहिल्या कामाच्या बिलावरच लिहून द्या.

दोन गोष्टी मेव्हण्यांना ठाऊक असतीलच, तरी लिहितो. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतात, ते एअरबॅगच्या वायरिंगचे असतात. तिथे पाणी गेले किंवा ते हलले, तर डॅशवरचा दिवा लागतो आणि तो घालवायला वर्कशॉप गाठावे लागते. दुसरे, पुढच्या डाव्या बाजूचा गालिचा तुम्ही हात लावण्याआधीच ओला आहे का ते तपासा. एसीची पाणी काढणारी नळी तुंबली की पाणी तिथे उतरते, आणि नंतर ते तुमच्या धुण्यामुळे झाले असे म्हटले जाते. काम सुरू करण्यापूर्वी ग्राहकासमोर गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढण्याचा नियम ठेवा आणि तो सख्ख्या काकांच्या गाडीलाही लावा.

पॉलिश पहिल्या दिवसापासून ठेवू नये, असे माझे मत आहे. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते, त्यातला वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, ४०-५० मायक्रॉनचा, आणि यंत्र त्यातलेच काही मायक्रॉन कायमचे घेऊन जाते. गाडी आधी कुठे रंगवली आहे, कुठे आधीच पॉलिश झाली आहे, हे जाडी मोजणाऱ्या गेजशिवाय कळत नाही. गेज हाती आले की सुरू करा, आणि त्या दिवशी दुसरी गाडी घेऊ नका.

प्रतिसाद : सोसायटीच्या समितीवरील एक

पाणी आणि वीज यांबद्दल ग्राहकाला नव्हे, समितीला विचारावे. पार्किंगमधला प्लग बहुतेक ठिकाणी सामाईक मीटरवर असतो आणि त्यावर प्रेशर वॉशर लावलेला दिसला की पुढच्या सभेत तोच विषय निघतो. उन्हाळ्यात आम्ही टँकर विकत घेतो, त्यामुळे नळाला पाइप लावलेला कोणालाही खपत नाही. रिन्सलेस वॉशने (नंतर पाणी ओतून धुवावे न लागणाऱ्या शाम्पूने) एक बादली पाण्यात, म्हणजे ८-१० लिटरमध्ये, गाडी होते, तेव्हा परवानगीच्या अर्जात हे आवर्जून लिहा. मात्र चिखलाने माखलेल्या गाडीला ती पद्धत वापरू नये, ती आधी बाहेर धुऊन आणायला सांगावी. फेसाचे पाणी उतारावर वाहू देऊ नका, कारण तिथे दुचाक्या घसरतात.

आणखी एक सुचवतो. रोज गाड्या पुसणाऱ्या मुलांना प्रतिस्पर्धी मानू नका. कोणत्या घरात नवी गाडी आली आणि कोणाला आतून सफाई करून हवी आहे, हे त्यांना आधी कळते. एका कामामागे शंभर-दीडशे रुपये त्यांना दिलेत आणि दोन चांगली मायक्रोफायबर फडकी देऊन ती कशी वापरायची ते दाखवलेत, तर तेच तुमचे नाव सांगतील.

प्रतिसाद : हिशोबनीस

तुमच्याच आकड्यांप्रमाणे १४४ गाड्या आणि २,००० रुपये दर धरला, तरी वार्षिक उलाढाल २,८८,००० रुपये होते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख रुपये आहे, त्यामुळे तूर्त तो विषय नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार तुमच्यासारखे अगदी मोजके कामगार असतील, तर नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ती देऊन पावती घ्या, चालू खाते उघडताना लागते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) विनामूल्य आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. आयकरात कलम ४४एडी प्रमाणे अंदाजित नफा दाखवता येत आला आहे, म्हणजे रोख उलाढालीच्या किमान ८ टक्के आणि यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के. तेव्हा शक्यतो यूपीआयच घ्या. यापुढचे विवरणपत्र भरताना त्या वर्षाचा नियम मात्र पाहून घ्या.

घरच्या वीजजोडणीवर व्यवसाय चालवणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, हेही समितीशी बोलताना लक्षात असू द्या. आणि सगळ्यात आधी तुमचे नियुक्तिपत्र वाचा. दुसरा व्यवसाय करण्यास मनाई असल्यास लेखी परवानगी घ्या. सुट्टीच्या दिवशी करतो, हे उत्तर तिथे चालत नाही.

मूळ लेखक

सर्वांचे मनापासून आभार. गाड्यांची संख्या तीनवर आणून हिशोब पुन्हा मांडला. सीटचा शाम्पू वेगळा काढल्यावर काम तीन तासांत होते, म्हणजे जाण्या-येण्यासह दोघांचे आठ तास. खर्च ५७० धरून आणि तासाला १५० ठेवून १,७७० येतात. त्यामुळे हॅचबॅक १,८००, शाम्पूचे ७०० वेगळे, आणि वाळू, केस, बुरशी यांचे दर त्याखाली, असा कागद तयार करतो आहे. पॉलिश पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाजूला ठेवले आहे. नियुक्तिपत्रात परवानगीचे कलम खरोखरच निघाले, त्यामुळे सोमवारी एचआरकडे अर्ज देणार आहे.

एकच शंका उरली आहे. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि मेव्हणाही त्या दिवशी मोकळा असतो. गुरुवारी तो एकटाच मदतनीस घेऊन गेला, तर मदतनिसाला रोजाने पैसे द्यावेत की गाडीमागे? गाडीमागे दिले तर घाई होते आणि रोजाने दिले तर एकच गाडी मिळालेल्या दिवशी तोटा होतो. ज्यांनी असा माणूस ठेवला आहे, त्यांनी कृपया प्रत्यक्ष पद्धत सांगावी.