औषध बदललं, पण गट बदलला का?

बांधावरचा:
पिकावरच्या किडीला औषध लागू पडेना की सल्ला ठरलेला: मात्रा वाढवा, नाहीतर दुसरी बाटली आणा. माझं म्हणणं, आधी किडी मोजा, आणि नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होईल इतक्या झाल्या, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, तरच फवारा. फवारण्यांची संख्या घटवल्याशिवाय बाकी सगळी मलमपट्टी आहे. अळी औषध पचवायला 'शिकत' नाही. हजारोंत दोनचार आधीपासूनच तगणाऱ्या असतात. बाकीच्या मारून आपणच त्यांना रान मोकळं करून देतो. हे डीडीटीच्याही आधीचं दुखणं आहे. चुना-गंधकाच्या द्रावणाला सॅन होजे खवले कीड दाद देत नाही, असं अमेरिकेत कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी १९१४ सालीच लिहून ठेवलं होतं.

फवारणीवाला:
लिहायला सोपं आहे हो! आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडेपर्यंत थांबा म्हणता, पण काही फुलकिडे विषाणू पसरवतात. किडे मोजत बसाल तोवर रोग झाडात शिरलेला असतो. त्यापेक्षा गट बदला. औषध किडीच्या शरीरात कुठे मार करतं, त्यावरून गटांना क्रमांक दिलेत. पायरेथ्रॉइड ३अ, निओनिकोटिनॉइड ४अ, स्पिनोसिन ५, डायअमाइड २८. किडीच्या एका पिढीवर एक गट, पुढच्या पिढीवर दुसरा. लोक इमिडाक्लोप्रिडनंतर थायामेथोक्झाम मारतात आणि म्हणतात, औषध बदललं. अहो, दोन्ही ४अच!

बांधावरचा:
शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. पण क्रमांक म्हणजे विमा नव्हे. काही किडी विष फोडणारी विकरं (एन्झाइम) जास्त बनवतात, आणि तीच विकरं कधी कधी वेगळ्या गटांचं औषधही फोडतात. बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा पन्नासहून जास्त सक्रिय घटकांना पुरून उरला. त्याच्यापुढे किती गट फिरवणार? शिवाय पायरेथ्रॉइडने किडी खाणारे मित्रकीटक मेले की पांढरी माशी उसळते, आणि तिच्यासाठी पुन्हा पंप पाठीवर.

सापळेवाली:
तुम्ही दोघंही आपापल्या कुंपणात अडकलात. पतंग कुंपण ओळखत नाही. मी एकटीने गट पाळले आणि शेजाऱ्याने तोच गट चार वेळा मारला, तर त्याच्याकडच्या तगलेल्या अळ्यांचे पतंग माझ्याच पिकात अंडी घालणार. ऑस्ट्रेलियात १९८३ साली घाटेअळी पायरेथ्रॉइडला जुमानेना, तेव्हा तिथल्या कापूसवाल्यांनी कोणता गट हंगामात कधी वापरायचा याचं वेळापत्रक सगळ्यांसाठी एकच केलं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात बीटी कपाशीशेजारी, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या कपाशीशेजारी, साध्या कपाशीचे पट्टे ठेवले, म्हणून गुलाबी बोंडअळी बीटीला बराच काळ बळी पडत राहिली. त्या पट्ट्यांतले साधे पतंग तगलेल्यांशी जुगतात, आणि प्रतिकार अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच उपयोगी पडणारा, असेल तर त्यांची पिल्लं बीटीने मरतात.

फवारणीवाला:
ॲरिझोनाचं अर्धंच सांगितलंत. तिथे पुढे विमानातून नपुंसक पतंगही सोडले, सरकारी कार्यक्रम होता तो. माझ्यासाठी कोण विमान उडवणार? आणि अळीला खायला म्हणून पट्टा सोडायचा, तर तोटा एकट्या माझा, फायदा साऱ्या शिवाराचा. मग पहिला पट्टा कोणी सोडायचा?

सापळेवाली:
म्हणूनच पट्ट्याचं नुकसान शिवारातल्या शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायला हवं, असं मी म्हणते. तेवढं जमेपर्यंत कामगंध सापळ्यांचे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढून पकडणाऱ्या सापळ्यांचे, आकडे तरी एकमेकांना कळवू.

बांधावरचा:
आकडे कळवायला मी तयार. पट्ट्याचं मात्र फवारणीवाल्यांनी विचारलं तेच मीही विचारतो. आणि दोन औषधं एकाच टाकीत कालवणाऱ्यांचं काय? त्यातलं एक आधीच निकामी झालं असेल, तर सगळा भार दुसऱ्यावर पडून तेही लवकरच जाणार.