बिनरंगाच्या मातीच्या कुंड्या झाडाला खरंच मानवतात का?

बाल्कनीवाली: परवा केशवनगरला कुंभारांकडे पणत्या बघायला गेले होते, तिथे भिंतीला कुंड्या लावून ठेवलेल्या, ना रंग ना नक्षी, नुसती भाजलेली माती आणि काठाखाली बोटांच्या रेघा उमटलेल्या. दोन उचलल्या, १० इंची. आता घरातल्या प्लास्टिकच्या बघवत नाहीत. नवरा म्हणतो फॅड आहे, जड आहेत, फुटतील. झाडाला काही फायदा असतो का मलाच दिसायला आवडल्यात?

मोगरा_पुणे: ताई दोन्ही. माठातलं पाणी गार होतं ना तेच इथे होतं, भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात त्यातून ओल बाहेर येऊन उडते आणि मुळं गार राहतात. जास्तीचं पाणी साचत नाही त्यामुळे मुळं कुजायचं प्रमाण कमी. पण हे बिनरंगाच्या कुंडीतच बरं का, एकदा ऑइल पेंट फासला की छिद्रं बुजली, मग प्लास्टिक काय नि माती काय. माझ्या सासूबाईंनी हौसेने तुळशीची कुंडी हिरवीगार रंगवली, बोलणार कोण 😀

गच्चीकर: घेताना बोटाने वाजवून घेत जा. टणटण वाजली तर घ्या, बद्द आवाज आला तर कच्ची भाजलीय किंवा कुठेतरी तडा आहे. आणि पोट मोठं तोंड लहान असली घेऊ नका, झाड बदलताना कुंडी तरी फोडावी लागते नाहीतर मुळं तरी तुटतात. नवीन कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पहिले काही दिवस झाडाचं पाणी तीच पिते. भोकावर फुटकी खापरी ठेवायला विसरू नका.

फर्नवेडा: मी जरा उलटं सांगतो. फर्न लावू नका यात. एप्रिलमध्ये सकाळी घातलेलं पाणी दुपारी गायब, माझे दोन फर्न वाळून कोळ झाले तेव्हा कळलं. अडेनियम, जेड, कोरफड असलं काही लावा, मस्त राहतं. फर्नला प्लास्टिकच बरं, दिसू दे कसंही.

बाल्कनीवाली: थँक्यू सगळ्यांना! एकीत अडेनियम लावलं. पण आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बाहेरून पांढरे डाग पडतील का?

मोगरा_पुणे: पडणार, पाण्यातले क्षार आहेत ते. काथ्याने घासलं की जातात, पावसाळ्यात वर शेवाळही येईल. मी तर घासत नाही, मला तशीच आवडते.

बाल्कनीवाली: नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवते म्हणजे डाग बघून परत सुरू नको व्हायला 😅