लंडनच्या कालव्यावर राहणाऱ्या बोटींना मर्यादा हवी का?

तिसरा_मजला
इज्लिंग्टनमध्ये रीजंट्स कॅनॉलच्या काठाला तिसऱ्या मजल्यावर राहतो. चार महिन्यांची मुलगी आहे. ऑक्टोबर ते एप्रिल खिडकी उघडायची सोय नाही. खाली दोन-दोन बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या, आणि त्यांच्या धुराड्यांचा धूर सरळ आमच्या घरात. खिडकीच्या चौकटीवर सकाळी फडकं फिरवलं की काळं निघतं. माझं म्हणणं सरळ आहे: या कालव्यावर किती बोटींनी राहायचं याचा आकडा ठरवा, तेवढेच परवाने द्या, बाकीच्यांनी शहराबाहेर जावं. मी काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, भरतो, ही मंडळी भरत नाहीत आणि माझ्या खिडकीखाली फुकट राहतात. दर १४ दिवसांनी हलायचा नियम आहे म्हणे. मला तर एक निळी बोट वर्षभर तिथेच दिसते.

कृष्णाकाठ५७
“फुकट राहतात” हे वाचलं आणि गप्प बसवेना. लांबलचक होईल, पण लिहिते.

सात वर्षं बोटीवर राहते. ५७ फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद. शाळेत सहायक शिक्षिकेची नोकरी आहे. आधी पूर्व लंडनमधल्या हॅकनीत एका खोलीत होते. घरमालकानं एका पत्रात भाडं चौदाशेवरून सतराशे पौंड केलं, तेव्हा साठवलेल्या पैशांत आणि थोड्या कर्जात ही बोट घेतली. लायसन्सला वर्षाला हजारावर पौंड जातात. विमा वेगळा. दर चार वर्षांनी सेफ्टी सर्टिफिकेट. आणि २०२४ च्या एप्रिलपासून आमच्यासारख्या, कायमची जागा नसलेल्या बोटींना लायसन्सवर ५ टक्के जादा आकार लागलाय. तो दर वर्षी वाढत २०२८ मध्ये २५ टक्क्यांवर जाणार. काउन्सिल टॅक्स भरत नाही, खरं. पण माझ्या दारात कचऱ्याची गाडीही येत नाही. शौचालयाची टाकी मी स्वतः हातगाडीवर घालून नेते आणि एल्सनला, म्हणजे अशा टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करते. जानेवारीत सकाळी सहाला नळावर जाते, कारण आठनंतर चार बोटी रांगेत असतात आणि एक टाकी भरायला तास जातो. पाइप गोठला असेल तर आधी त्यावर किटलीतलं गरम पाणी ओतायचं.

आता नियमाचं. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज ॲक्टमध्ये एवढंच आहे की कायमची जागा नसेल तर बोट खरोखर प्रवासासाठी वापरायची आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. परिस्थितीनुसार रास्त असेल तर जास्त. किती लांब जायचं, हे त्यात नाही. एक मैल? दहा? संसदेनं लिहिलं नाही. आणि जे लिहिलं नाही त्यासाठी आमच्या डोक्यावर लायसन्स जायची तलवार. तुमची निळी बोट वर्षभर तिथेच असेल तर ती चूक आहे, मी तिची वकिली करणार नाही. पण एका बोटीपायी सगळ्यांना हाकला म्हणता?

हे नवं नाही. १८७७ मध्ये पहिला कॅनॉल बोट्स ॲक्ट आला, तोही बोटीवर राहणाऱ्यांना शिस्त लावायला. नोंदणी करा, केबिनमध्ये माणसं किती झोपतील ते आम्ही ठरवू, मुलं शाळेत घाला. तेव्हा निदान मुलांच्या शाळेचा विचार होता. आज आमच्याबद्दल बोलणं निघतं ते फक्त अडचण म्हणून.

रेडिंगवाला
ताई, अर्धीच गोष्ट सांगितलीत. २०११ मध्ये ब्रिस्टलच्या काउंटी कोर्टानं सांगितलंय की दहाएक मैलांच्या पट्ट्यात मागे-पुढे करत तिथेच घर करून राहणं हा खरा प्रवास नव्हे. आणि कालवे सांभाळणाऱ्या, लायसन्स देणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टनं २०१५ पासून सांगितलंय की वर्षभरातला पल्ला २० मैलांच्या आत असेल तर त्यांचं समाधान होणं कठीण. “लिहिलेलं नाही” म्हणून हात झटकता येणार नाहीत.

मीही बोटवालाच आहे. माझी कायमची जागा आहे, तिचे वर्षाला हजारो पौंड भरतो. गेल्या जूनमध्ये आई-बाबा सांगोल्याहून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा परदेश. त्यांना बोटीतून लिटल व्हेनिस दाखवायचं होतं. लिटल व्हेनिस ते व्हिक्टोरिया पार्क, एका बोटीपुरती जागा मिळाली नाही. शेवटी तिसऱ्या रांगेत बांधायला लागली. बाबांचा गुडघा दुखरा, दोन परक्या बोटींच्या कडांवरून त्यांना हात धरून काठावर नेलं. आई रात्रभर म्हणत होती, “आपण लोकांच्या अंगणातून जातोय रे.” कालवा सगळ्यांचा असेल तर तो मलाही दोन रात्री मिळाला पाहिजे.

कृष्णाकाठ५७
२० मैलांचं म्हणता, तर हेझच्या बुल्स ब्रिजपासून लाइमहाउसपर्यंत साधारण २२ मैल भरतात. तेवढं मी दर वर्षी जाते-येते. बोट हेझला असते तेव्हा हॅकनीतल्या शाळेत पोचायला पहाटे निघते. आणि वडिलांच्या गुडघ्याबद्दल वाईट वाटलं. खरंच. मधल्या बोटीवर मी असते तर चहा दिला असता.

ॲमस्टेलकर
इथे ॲम्स्टरडॅममध्ये हा प्रश्न सोडवलेला आहे. बोटीला ठरलेली जागा, जागेचा परवाना, सांडपाणी शहराच्या गटाराला जोडलेलं, वीज आणि पाणी काठावरून. टपाल दारात येतं. लंडननं हेच करावं. मग उगाच हलवाहलवी कशाला?

कृष्णाकाठ५७
तिथे जागेसकट बोट कितीला पडते?

ॲमस्टेलकर
घराएवढीच. चांगल्या ठिकाणी घराहून जास्त. बरं, तो मुद्दा मान्य. पण पाणी स्वच्छ आहे, हेही लिहून ठेवा.

स्लावकर
मला यातलं फार कळत नाही, पण शिवडीला आमच्या गल्लीत हेच बघितलंय. रस्ता सार्वजनिक, पण एकानं गाडी लावून वर ताडपत्री टाकली, की पाच वर्षांनी ती जागा “त्याची”. माझ्या वडिलांना ॲम्ब्युलन्समध्ये घालताना स्ट्रेचर आडवी वळेना, कारण मध्ये एक बंद पडलेली व्हॅन. त्या दिवसापासून सार्वजनिक जागेवर ठाण मांडणाऱ्या कोणाबद्दलही मला माया नाही. बोट असो, व्हॅन असो.

कृष्णाकाठ५७
दादा, तुमच्या वडिलांचं जे झालं ते फार वाईट. पण व्हॅन रिकामी होती. या बोटींत माणसं झोपतात.

वॉर्ड_नाइट
आकडा, परवाना यावर भांडा तुम्ही. मी धुराबद्दल बोलते, कारण मूळ पोस्टमध्ये चार महिन्यांची मुलगी आहे आणि तिच्याबद्दल अजून कोणी अक्षर काढलेलं नाही. मी लंडनच्या एका श्वसनविकार वॉर्डात रात्रपाळीला असते. लाकडाच्या धुरातले बारीक कण घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तान्ह्या बाळाचा श्वास आपल्या दुप्पट वेगानं चालतो. शहरात २०१३ मध्ये नऊ वर्षांची मुलगी दम्यानं गेली आणि २०२० च्या डिसेंबरात कोरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. यानंतर “आमची शेगडी छोटी आहे” हे मला ऐकवू नका.

कृष्णाकाठ५७
त्या मुलीचं घर वाहनांनी भरलेल्या रस्त्याजवळ होतं आणि कोरोनर मोटारींच्या धुराबद्दल बोलले होते. ते आमच्या माथी मारू नका. इज्लिंग्टनमधली जुनी घरं बघा, दर दुसऱ्या दिवाणखान्यात हौसेची लाकडाची शेगडी आहे. खोली गरम करणारे रेडिएटर भिंतीवर असताना. माझ्याकडे दुसरं काही नाही.

वॉर्ड_नाइट
त्यांचंही मी समर्थन करत नाही. पण त्यांचं धुराडं छतावर असतं, तुमचं टोपाथवर, कालव्याकाठच्या पायवाटेवर, चालणाऱ्याच्या नाकासमोर. २०२१ च्या एन्व्हायर्नमेंट ॲक्टनं काउन्सिलांना बांधलेल्या बोटीही धूर-नियंत्रणाच्या कक्षेत घेता येतात. म्हणजे सरकारलाही हा धूर दिसला.

तिसरा_मजला
धन्यवाद. अखेर कोणीतरी बाळाचं बोललं. आणि ताई, हौस आणि गरज यातला फरक माझ्या मुलीच्या फुप्फुसाला कळत नाही.

कृष्णाकाठ५७
हे वाक्य लागलं. तरी सांगते, कारण तुम्ही कधी आत येऊन बघितलेलं नाही. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. छतावरच्या सौर पट्ट्या दिवसभरात फोन आणि दोन दिवे पुरतील एवढंच देतात. रात्री दोनला शेगडी विझली तर पाचला उठल्यावर तोंडातून वाफ निघते आणि आतून खिडकीवर बर्फाची पापडी असते, नखानं खरवडली तर निघते. बाहेर कालवा गोठतो, तेव्हा लोखंडी तळाला बर्फ घासल्याचा आवाज येतो. ओलं लाकूड मी जाळत नाही. २०२१ च्या मेपासून ओलं लाकूड किरकोळीनं विकायलाच बंदी आहे आणि पिशवीतला साधा कोळसाही गेला. मी बिनधुराच्या कोळशाच्या विटा वापरते. पेटवताना पहिली वीस मिनिटं धूर निघतो, हे मात्र खरं.

रेडिंगवाला
आणि इंजिन? रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन लावायचं नाही, हा नियम आहे. लंडनमध्ये मी स्वतः रात्री दहाला ऐकलंय.

कृष्णाकाठ५७
ऐकलं असेल. मीही जाऊन सांगितलंय अशा लोकांना, आणि शिव्या खाल्ल्यात. पण त्याचंही मूळ तेच: बॅटरी चार्ज करायला काठावर वीज नाही. इज्लिंग्टनमधल्या एंजलजवळ विजेचे खांब बसवून प्रयोग झालाय. तिथे जागा मिळाली तेव्हा मी शेगडी पेटवलीच नाही. हीटर लावला आणि दोन रात्री शांत झोपले. थांबायला मुदत असते, मग पुढे सरकायचं. असे खांब मैलामैलावर असते तर आज ही भांडाभांडी झाली नसती. जादा आकार घेताच आहात, तर त्यातून खांब द्या, नळ द्या.

तिसरा_मजला
कोणाच्या पैशांनी? ट्रस्टला दोन हजार मैलांचे कालवे सांभाळायचेत आणि सरकारी अनुदान २०२७ पासून घटत जाणार, हे २०२३ मध्येच जाहीर झालंय. बोटी वर-खाली नेणाऱ्या लॉकची दारं बदलायला पैसे नाहीत आणि तुम्हाला खांब हवेत. ज्यांना परवडत नाही त्यांनी लंडनमध्येच का राहायचं? मीही परवडेना तेव्हा शहराच्या कडेला, झोन ५ मध्ये राहिलोय.

कृष्णाकाठ५७
तुमच्या मुलीला तीन-चार वर्षांनी शाळेत माझ्यासारखीच कोणीतरी बूट घालून देणार आहे. ती कुठे राहणार ते सांगा. लंडनबाहेरच्या लूटनहून येऊ रोज?

एका दवाखान्यात नाव नोंदवायला गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पत्ता नाही तर नोंद नाही. पत्त्याचा पुरावा नसला तरी नोंदणी नाकारता येत नाही, एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, धोरणच तसं आहे. मी तो कागद छापून घेऊन गेले तेव्हा कुठे नाव घेतलं. छातीत कफ भरलेला, ताप. दोन आठवडे गेले त्यात. वॉर्ड_नाइट, तुमच्या वॉर्डात पोचायच्या आधी आमच्यासारख्यांना हा दरवाजा लागतो.

वॉर्ड_नाइट
हे मी बघितलंय. बोटीवरची माणसं उशिरा येतात. एकदा पहाटे एका जोडप्याला आणलं होतं, कार्बन मोनॉक्साइड. अलार्म होता, त्यात बॅटरी नव्हती. २०१९ पासून राहण्याच्या बोटीवर अलार्म सक्तीचा आहे, पण चार वर्षांतून एकदा तपासणी झाल्यावर मध्ये कोण बघतं? तो धूर आधी तुमच्याच फुप्फुसात जातो, ताई. मी भांडतेय ती तुमच्यासाठीही.

भटक्या_मामा
मध्येच बोलतो. श्रीनगरला हाउसबोटीत दोनदा राहिलोय. दल सरोवरात नव्या हाउसबोटी बांधायला कधीपासून बंदी, जुनीची फळी बदलायची तर परवानगी. आमचे यजमान तिसऱ्या पिढीचे, त्यांची बोट मागच्या बाजूनं पाण्यात खचत चाललेली. ते म्हणाले, बंदी तळ्यासाठी आहे हे कळतं, पण बोट बुडाली तर मी पण बुडेन. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे आग लागली, बोटी जळल्या, तीन पर्यटक गेले. आकडा गोठवला म्हणजे बोटी सुरक्षित होतात असं नाही. जुन्या होतात.

तिसरा_मजला
मामा, दल सरोवर आणि इज्लिंग्टन यांत फरक आहे. तरी “जुन्या होतात” हे पटलं. बरं, आकड्याचा आग्रह बाजूला ठेवतो. विजेचे खांब आधी, आणि खांब असेल तिथे शेगडीला बंदी. हे तरी मान्य?

कृष्णाकाठ५७
खांब चालू असेल तर, मान्य. बंद पडलेला खांब दाखवून दंड लावला तर नाही.

रेडिंगवाला
आणि दोन रात्रींच्या जागा फक्त पाहुण्यांसाठी राखीव. त्याशिवाय मी सही करणार नाही.

कृष्णाकाठ५७
काही जागा ठेवा. सगळ्या चांगल्या जागा पैसे भरून आरक्षणाच्या करू नका, एवढंच. तिसरा_मजला, मी सध्या तुमच्याकडेच आहे, कालव्याच्या बोगद्याच्या पूर्वेला, हिरवी बोट. गुरुवारी हलते.

तिसरा_मजला
हिरवी बोट बघितली आहे. तिचा धूर कमी असतो, हे बायकोही म्हणाली होती. पण गुरुवारी तुम्ही जाल आणि शुक्रवारी त्या जागी दुसरी येईल. माझी खिडकी बंदच राहणार.