०.५ लेन्सने काढलेला हॉल: सजावट की फसवणूक?

गोदाकाठचा: रविवारी नाशिकच्या पाथर्डी फाट्याला रिसेलचा टू बीएचके बघायला गेलो. फोटोत हॉल असा की पंगत बसावी. आत गेलो तर सोफा आणि टीव्हीच्या मधून तिरकं होऊन जावं लागलं. फोटोच्या कोपऱ्यात पंखा अंड्यासारखा ताणलेला होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मोबाईलच्या ०.५ लेन्सची, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सची कमाल! माझं मत: खोलीचे फोटो साध्या लेन्सनेच काढावेत. बाकी सगळी बनवाबनवी.

किल्लीवाला: एजंट आहे, शिव्या खायची सवय आहे. दादा, दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये साध्या लेन्सने काढून बघा. पाठ भिंतीला टेकली तरी पलंगाचं पायथं आणि अर्धी खिडकी, एवढंच येतं. त्यातून खोली कळते का? मी दारातून, मोबाईल छातीच्या उंचीवर सरळ धरून काढतो. वर-खाली कलला की भिंती आत पडल्यासारख्या दिसतात. आणि ताणलं जातं ते कडेला, म्हणून पंखा, सोफा कडेला येऊ देत नाही. लेन्सचा दोष नाही, हाताचा आहे.

सिडकोची ताई: लेन्सवर काय भांडताय! आमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता, तर ह्यांनी काढलेल्या पहिल्याच फोटोत दोरीवरचे टॉवेल आणि ओट्यावर कुकर. दोन आठवडे एक फोन नाही. मग ओटा रिकामा केला, पडदे बाजूला सारले, हॉल पूर्वेचा म्हणून सकाळी आठला फोटो काढले. भिंतीवरचं मुलाचं शाळेचं सर्टिफिकेटही उतरवलं, नाव-शाळा जगाला कशाला? त्याच आठवड्यात तीन जण बघून गेले. पण बेडरूमच्या कोपऱ्यातली ओल मी झाकली नाही. कपाट सरकवून लपवली असती, तर जुलैत भाडेकरूच दारात उभा राहिला असता.

गोदाकाठचा: ताई, तुमच्यासारखे किती? अशा जाहिरातींची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, तक्रारच करायला हवी.

कलमबहाद्दर: रेरा कायद्याचं कलम १२ बिल्डरसाठी आहे. जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅट बघून पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर भरपाई बिल्डरने द्यायची. १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. जुना फ्लॅट विकणारा घरमालक त्यात बसत नाही. तुमच्या अंड्यासारख्या पंख्याला कलम नाही.

गोदाकाठचा: बरं, लेन्स कुठलीही वापरा. फोटोखाली खोलीची लांबी-रुंदी लिहा, एवढं तरी?

किल्लीवाला: 'हॉल १० बाय १४' लिहिलं की अर्धे फोन बंद होतात.

गोदाकाठचा: होऊ देत की! त्या अर्ध्यांत मीच असतो, पंचवटीतून पेट्रोल जाळून येणारा.

किल्लीवाला: म्हसरूळला एक आहे, तुम्हाला जवळ पडेल. माप आधी पाठवतो. फोटो मात्र ०.५ नेच काढलेत.