'झोन रीड'मधल्या 'रीड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: साताऱ्याहून सासरे आलेत. तरुणपणी तालमीत अंग घुसळलेले. इथे ओहायोत शनिवारी आमच्याकडे कॉलेज फुटबॉल लागतंच (अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचं ते), तेही सोबत बसतात. परवा म्हणाले, "तो पोरगा चेंडू दुसऱ्याच्या पोटात खुपसतो आणि परत का काढून घेतो?" या चालीला 'झोन रीड' म्हणतात, आणि तो पोरगा म्हणजे क्वार्टरबॅक, हल्ल्याचा सूत्रधार. मी सांगितलं, "क्वार्टरबॅक समोरच्याला वाचतोय, बाबा." तर म्हणाले, "वाचतोय? कुणापासून?" खरंच की, आपल्याकडे 'वाचणे' म्हणजे बचावणंही. मग नेमकं क्रियापद कोणतं?

उत्तर: 'हेरणे' कसं वाटतं?

उत्तर: हेरणं आधीपासून आणि गुपचूप चालतं, शिकारी सावज हेरतो तसं. इथे मला दोन क्रियापदं लागतील असं वाटतं. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होतो त्याच्या) आधी क्वार्टरबॅक 'जोखतो': धावेच्या वाटेवर बचावाची किती माणसं दाटून उभी आहेत ते मोजतो. स्नॅप झाला की 'ताडतो'. झोन रीडमध्ये बचावफळीच्या टोकाला उभ्या डिफेन्सिव्ह एंडला मुद्दाम कुणी अडवत नाही. तो रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या) अंगावर आत घुसला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि त्याने सोडलेल्या जागेतून स्वतः पळतो. एंड जागीच थांबला, तर क्वार्टरबॅक चेंडू देऊन टाकतो. चेंडू पोटाशी टेकलेला असताना, पापणी लवायच्या आत हे ठरतं. 'ताडणे'त तो झटकेपणा आहे.

हिशेबही बघा. क्वार्टरबॅक चेंडू देऊन नुसता उभा राहिला, तर अकरा बचावपटूंसमोर अडवायला नऊच जण उरतात. पण तो पळू शकतो हे एंडला माहीत असेल, तर एंड हात न लावताच खिळून राहतो. ही युक्ती प्रशिक्षक रिच रॉड्रिग्ज यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रुजवली. पुढे २००६मध्ये त्यांच्याच वेस्ट व्हर्जिनियाच्या संघात रनिंग बॅक स्टीव्ह स्लेटन १,७४४ यार्ड धावला आणि क्वार्टरबॅक पॅट व्हाइट १,२१९. धावेचा खेळ एकट्या रनिंग बॅकचा नसतो, हे याहून स्पष्ट काय दिसणार!

प्रश्नकर्ती: 'ताडणे' फार आवडलं. आणि 'स्कीम' (धावेची आखणी)? 'योजना' म्हटलं की सरकारी वाटतं.

उत्तर: 'डाव' म्हणा, सासऱ्यांना लगेच पोचेल. एकच डाव येणाऱ्या पैलवानावर प्रतिस्पर्धी दुसऱ्या कुस्तीत तोड काढतो, तसंच इथे. 'इनसाइड झोन' या डावात पुढच्या फळीतले सगळे एकाच दिशेला पाऊल टाकतात, समोर येईल त्याला अडवतात आणि रनिंग बॅक फट शोधतो. 'काउंटर' या डावात तो पहिलं पाऊल उलट्या बाजूला टाकतो, आणि फळीतला गार्ड आपली जागा सोडून पलीकडे अडवायला धावतो. आता गंमत अशी, की लाइनबॅकरही (बचावफळीच्या मागे उभा असलेला) गार्डच्या पायांवरून धावेची दिशा ताडतच असतो! डाव बदलते राहिले की त्याचं ताडणं चुकतं आणि अर्धं पाऊल उशीर होतो. म्हणून 'ताडणे' दोन्ही बाजूंना लागू पडतं, हे मला त्याचं मोठं बळ वाटतं. पण डावांची नुसती खोगीरभरती नको. कॉलेजच्या मुलांना हंगामात सरावाला आठवड्याचे २० तासच मिळतात. तीन-चार डाव घोटलेले आणि सुरुवातीला सारखेच दिसणारे, हे दहा अर्धवट डावांपेक्षा केव्हाही बरं.

उत्तर: 'धावेचे यार्ड' हा शब्द वापरताना एक जपा. कॉलेजच्या आकडेवारीत क्वार्टरबॅक सॅक झाला (पास टाकण्याआधीच मागे पकडला गेला), तर ते गमावलेले यार्ड धावेतून वजा होतात. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) संघाच्या पासच्या, म्हणजे चेंडू फेकून मिळवलेल्या यार्डांतून होतात. पास टाकताना वारंवार पकडल्या जाणाऱ्या क्वार्टरबॅकमुळे कागदावर संघाची धाव उगाच दुबळी दिसते. रनिंग बॅकला नावं ठेवण्याआधी ते यार्ड धावेत परत जोडून पाहा.

प्रश्नकर्ती: सासऱ्यांना सांगितलं. आज तेच ओरडले, "बघ, एंड आत घुसला, आता काढणार!" आणि क्वार्टरबॅकने चेंडू काढला, पण पळाला नाही, लांब फेकला. बाबा म्हणाले, "हूल दिली की गं." प्ले-ॲक्शनला (धावेचा आव आणून पास टाकण्याला) मी आता हाच शब्द वापरणार.