उजव्या फुप्फुसात ५.५ सेंमीची गाठ, स्टेज ३: ऑपरेशन होईल का?

शाहूपुरीकर
मामांचं वय ६२. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात ५.५ सेंमीची गाठ, बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार). पेट-सीटीत (सगळ्या शरीरात कॅन्सर शोधणारं स्कॅन) श्वासनलिकेच्या उजवीकडची एक ग्रंथी (४आर) चमकते आहे, बाकी कुठे काही नाही. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर सोडता येणारी हवा) अपेक्षेच्या ७२ टक्के. कोल्हापुरातले एक डॉक्टर म्हणतात आधी केमो, मग ऑपरेशन. दुसरे म्हणतात, ऑपरेशन नकोच, केमो-रेडिएशन करा. एका कागदावर ३ए लिहिलंय, दुसऱ्यावर ३बी. कुणाचं ऐकायचं?

पंचगंगाकाठ
३ए-३बीनं घाबरू नका. स्टेज ठरवायच्या टीएनएम पद्धतीत टी म्हणजे गाठ, एन म्हणजे ग्रंथींपर्यंतचा पसार. ५ ते ७ सेंमीची गाठ म्हणजे टी३, गाठीच्याच बाजूच्या छातीमधल्या ग्रंथीत आजार म्हणजे एन२. टीएनएमच्या ८व्या आवृत्तीत टी३-एन२ म्हणजे ३बी. ९व्या आवृत्तीत एन२चे दोन भाग झाले. एकाच ठाण्याच्या (ग्रंथींच्या एकाच गटाच्या, जसं ४आर) ग्रंथीत आजार असेल तर एन२ए, आणि मग हाच आजार ३ए ठरतो.

खरा प्रश्न वेगळा आहे. ती ग्रंथी कॅन्सरचीच आहे हे सुईनं सिद्ध झालंय का? आपल्याकडे टीबीच्या ग्रंथीही पेटमध्ये तितक्याच चमकतात. नुसत्या पेटवर ऑपरेशन नाकारू नये आणि ठरवूही नये. ईबस (श्वासनलिकेत दुर्बीण घालून सोनोग्राफीच्या मदतीनं ग्रंथीतून सुईनं नमुना घेणं) करून घ्या. त्यात आधी डाव्या बाजूच्या ग्रंथी, मग मधल्या आणि ४आर, शेवटी फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या, हाच क्रम हवा. उलट केलं तर सुईवरच्या पेशी पुढच्या नमुन्यात जाऊन खोटा एन३ (विरुद्ध बाजूच्या ग्रंथीत आजार) दिसू शकतो. प्रत्येक ग्रंथीतून निदान तीनदा नमुना घ्यावा, थोडा जीनएक्स्पर्टलाही (टीबीच्या तपासणीला) पाठवावा. ईबस निगेटिव्ह आणि संशय कायम, तर मीडियास्टिनोस्कोपी (गळ्याखाली छोटा छेद घेऊन छातीमधल्या ग्रंथी काढून तपासणं). डावीकडची ४एल पॉझिटिव्ह आली तर तो एन३. मग ऑपरेशनचा विषय संपला. मेंदूचा एमआरआय झाला नसेल तर तो आधी करा, लक्षणं नसली तरी.

कळंबा_रोड
दादा, फुप्फुसाचा हिशेब मी मांडते. दोन्हीकडे मिळून १९ भाग धरतात. उजवा वरचा खंड ३ भागांचा. ७२ × १६ ÷ १९ म्हणजे ऑपरेशननंतर सुमारे ६१ टक्के उरतील, हे चांगलं. पण गाठ मुख्य नळीत शिरून सगळं उजवं फुप्फुस काढायची वेळ आली तर १० भाग जातात आणि उरतात ३४. अशी उजवी न्यूमोनेक्टॉमी (सगळं फुप्फुस काढणं) जोखमीची असते, केमो-रेडिएशननंतर तर फारच. म्हणून सर्जनना थेट विचारा: लोबेक्टॉमीत (फक्त एक खंड काढून) भागेल का, स्लीव्ह (खंडासोबत नळीचा आजारी तुकडा काढून उरलेली नळी जोडणं) करता येईल का? डीएलसीओसुद्धा (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते) मोजायला सांगा, नुसत्या स्पायरोमेट्रीवर (फुंकायच्या चाचणीवर, ज्यातून एफईव्ही१ मिळतो) जाऊ नका. दोन्हीचा उरणारा आकडा ६० च्या वर हवा. खाली गेला तर जिना चढण्याची चाचणी, ३० च्याही खाली गेला तर सीपीईटी (व्यायाम करताना हृदय-फुप्फुसांची तपासणी). मामा विडी-सिगारेट ओढत असतील तर आजपासून बंद.

शाहूपुरीकर
ताई, आधी इम्युनोथेरपी देऊन बघू, गाठ आटली तर ऑपरेशन, असं चालेल का?

पंचगंगाकाठ
असं करू नका. गाठ काढता येण्याजोगी आहे की नाही हे पहिल्या सलाईनच्या आधी ठरलं पाहिजे, तेही सर्जन, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आणि रेडिएशनवाले एकत्र बसून. सगळी गाठ स्वच्छ कडांसह निघणार नसेल तर केमोसोबत रेडिएशन, ६० ग्रे (रेडिएशनचं माप), ३० बैठका, आणि आजार वाढला नाही तर पुढे वर्षभर ड्युर्व्हालुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध). 'बघू' म्हणत महिने गेले की हा रस्ताही अवघड होतो.

काढता येणारी असेल तर केमो आणि निव्होलुमॅबचे (हेही इम्युनोथेरपीचं औषध) ३ डोस, मग सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन. चेकमेट-८१६ या चाचणीत काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर अजिबात न सापडणारे रुग्ण नुसत्या केमोत २.२ टक्के होते, निव्होलुमॅबसह २४. पण त्यात कॅन्सरच्या पेशींच्या जनुकांतले ईजीएफआर-एएलके बदल माहीत असलेले रुग्ण घेतले नव्हते. ते रिपोर्ट हातात आल्याशिवाय इम्युनोथेरपी सुरू करू देऊ नका. डोसांनंतर एखादी ग्रंथी मोठी दिसली तर लगेच धीर सोडायचा नाही. ती सूजही असते, पुन्हा सुई घालून बघतात.

कळंबा_रोड
दुसरं मत घ्यायला टाटाला जाणार असाल तर रात्रीच्या महालक्ष्मीनं जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका. बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा), स्लाईड्स आणि पेट-सीटीची सीडी न्या. ब्लॉक नसला की बायोप्सी पुन्हा करावी लागते.